तंबोऱ्याचा पेंढा

वाद्यांना बोलता येत असे, तेव्हाची गोष्ट. एक तंबोरा आणि एक सतार परगावी निघाली होती. वाद्यं खोक्यात भरणाऱ्या हमीदाकाकूंनी तंबोऱ्याच्या तारा सैल केल्या, मग त्याच्या भोपळ्याभोवती पेंढा गच्च दाबला.

तंबोरा गोंधळला. "काकू, तारा सोडून पेंढा काय आवळताय? उलटंच चाललंय की!"

"प्रवासाला निघालायस ना? मग पड सैल."

त्याला काही कळेना, पण तो पडून राहिला. सतार मात्र खुंट्या फिरवू देईना. "मी सुरातच जाणार!"

रस्ता खड्ड्यांचा होता.

खोकी उघडली, तेव्हा सतारीचा भोपळा उभा चिरला होता. तंबोरा घाबरला. "अगं, हे काय झालं?"

"मला कुठं काय झालंय?" सतार भसाड्या आवाजात म्हणाली. "एक तरी तार उतरलीय का बघ!"