येसूच्या बिस्किटाचं खरं नाव

एक होता राजा, वज्रसेन त्याचं नाव. त्याला एकच वेड. एका वस्तूला एकच नाव हवं. दुसरं ऐकू आलं की त्याच्या कपाळाला आठ्या!

त्याच्या नगरात होती येसू बिस्किटवाली. तिच्या भट्टीतला जाळ पणजीनं पेटवलेला. तो कधीच विझला नव्हता, बरं का! येसू अंड्याचा पांढरा बलक घुसळायची. इतका, की भांड्यात ढग उभा राहायचा. मग त्यात पिवळा बलक, साखर आणि मैदा अलगद मिसळायची, बोटभर लांब पट्ट्या पाडायची, वर साखर भुरभुरायची. बिस्किट वरून कुरकुरीत, आतून कापूस!

एकदा काय झालं, दोन गिऱ्हाइकं भांडली. एक म्हणे, "हे राणीचं बोट." दुसरा म्हणे, "छट्! ही तर दुधातली कांडी." भांडण गेलं राजाकडे. राजा कडाडला, "येसू, खरं नाव कोणतं?"

येसूनं कधी त्याला नाव ठेवलंच नव्हतं.

"तीन दिवसांत एक नाव आण. नाहीतर भट्टीवर पाणी ओततो."

मग येसूनं डब्यात चार बिस्किटं घातली आणि निघाली विचारत.

पहिल्या दिवशी भेटले केरबा आजोबा. वय शंभर, तोंडात एक दात नाही. बिस्किट दुधात बुडवून त्यांनी जिभेवर ठेवलं. "अगं पोरी, हा तर माझा दात!" असं म्हणायचा अवकाश, त्यांच्या तोंडात बत्तीस दात लखलखले! आजोबांनी कडाकड ऊस फोडून खाल्ला, पोट धरून हसले. बिस्किट विरघळलं, तसे दातही गेले. येसू बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी लागली खोल दरी. काठावर एक धनगरीण रडत होती. कोकरू पलीकडे अडकलेलं. येसूनं तिला बिस्किट दिलं. तिनं ते तळहातावर तोललं. "किती हलकं ग! पीसच जणू." आणि काय सांगू, दोघी अलगद वर उचलल्या गेल्या! खाली घारी फिरत होत्या आणि या दोघी घारींच्याही वर. कोकराला घेऊन तशाच अलीकडे उतरल्या.

तिसऱ्या दिवशी आलं समुद्राकाठचं गाव. तिथं एका बाळाला दात येत होते. ते रडायचं थांबेना, गाव झोपेना. आईनं बाळाच्या हिरड्यांना बिस्किट लावलं. "घे माझ्या राजा, ही तुझी उशी." तशी बाळाच्या डोक्याखाली ढगाची उशी आली. बाळ झोपलं. गाव झोपलं. आणि बरं का, लाटासुद्धा किनाऱ्यावर पाय न वाजवता आल्या.

येसू परतली. राजाला म्हणाली, "महाराज, दातही खरं, पीसही खरं, उशीही खरं. मी पाहिलं."

"म्हणजे एक नाव नाहीच. आणा रे पाणी!"

शिपायांनी घागरी उचलल्या. येसूनं डोळे घट्ट मिटले. तेवढ्यात काठी टेकत राजाची म्हातारी आई आली.

"ए ढब्बू! काय चाललंय?"

राजा लाल. "आई, अगं, सगळ्यांसमोर..."

"का? ताप आला की तू माझा सोनुला होतास. दूध सांडलंस की माकड होतास. बारशाला वज्रसेन ठेवलं. आता यातला खोटा कोणता, सांग. त्याच्यावर पाणी ओतू."

राजाची मान खाली गेली. आईनं येसूच्या डब्यातलं शेवटचं बिस्किट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दुधात बुडवलं, तोंडात घातलं. आणि हळूच, अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "चांदोबाचा तुकडा."

भर दुपारी दरबारात चांदणं पडलं! खांबांवर चांदणं, भाल्यांवर चांदणं, येसूच्या पिठाळ हातांवर चांदणं.

मग राजानं घागरी मोगऱ्याला ओतायला लावल्या. येसूची भट्टी तशीच जळत राहिली. राजा, येसू, केरबा आजोबा, सगळे सुखात राहिले. ज्याला जे सुचेल त्या नावानं तो बिस्किटाला हाक मारतो.

तुम्ही काय म्हणाल त्याला? आत्ता नका सांगू. डोळे मिटा, आणि मनातच एक नाव ठेवा. पांघरूण घ्या नीट. झोपा.