साहेबांचे ठोके

वाघडोहच्या सरकारी दवाखान्यात हृदयाचे ठोके दाखवणारं एकच यंत्र होतं, आणि ते धडधाकट माणसालाही शून्य दाखवू लागलं. परिचारिका द्वारका गावित यांनी बोटाच्या चिमट्याची वायर बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. अधीक्षक डॉ. प्रभुणे यांनी त्यावर ‘नामंजूर’ असा शेरा मारला.

“सिस्टर, या यंत्राचं आयुष्य दहा वर्षं आहे. आता कुठे सहावं चालू आहे. ते चुकणं शक्यच नाही.”

“सर, वॉर्डात तीन हृदयरोगी आहेत. त्यांचं काय चाललंय ते कळणार कसं?”

“यंत्र सांगेल की!”

द्वारकाबाईंनी यंत्र आणलं आणि चिमटा साहेबांच्याच बोटाला लावला. पडद्यावर शून्य उमटलं.

“हे काय?” साहेब दचकले.

“यंत्र बरोबर असेल तर सर, आपण वारलात. मग मयत माणसाचा शेरा काही चालायचा नाही. आणि आपण हयात असाल, तर यंत्र बिघडलंय. काय लिहून घेऊ?”

साहेबांनी ‘नामंजूर’मधला ‘ना’ खोडला.

तिसऱ्या दिवशी नवी वायर बसली. सगळ्यांत आधी साहेबांनी स्वतःचे ठोके मोजून घेतले.