महिन्याची कुपी आणि निंबा शिंपी

श्रावणातला तो दिवस इतका कोंदट, की अंगाला चिकटलेली मलमल सोलून काढावी लागे. म्हणूनच राजा गर्जनरावांची छाती भर दरबारात दिसली. मऊ, सुजलेली, दुखरी!

उतारवयात मिशीला पीळ बसेना, म्हणून महाराज मर्दानी अर्क पिऊ लागले होते. झालं उलटंच! छाती फुगली, पाय सुजले, आणि कुणी शिंकलं तरी महाराजांच्या डोळ्यांना धार लागायची.

"सिंहाची छाती!" प्रधान म्हणाले. दरबारात पहिला पाट अशांनाच मिळतो.

राजाने निंबा शिंप्याला बोलावलं. "दसऱ्याला मी अभिषेकाचाच अंगरखा घालणार. एक शिवण उसवायची नाही, आणि माझा अर्क एका थेंबानेही कमी व्हायचा नाही. अंगरखा बसला नाही, तर सुई धरायची बोटं छाटीन!"

अर्क देणारे वैद्यबुवाच पुढे सरसावले. "अंगातला बाईचा अंश मुळासकट जाळणारं चूर्ण देतो, महाराज!"

"सेनापतींना दिलंत तेच ना?" निंबा म्हणाला. "त्यांना आता घोड्यावर चढायला शिडी लागते. गुडघे कुरकुरतात! तो अंश थोडा पुरुषालाही लागतो, बुवा. महाराज, अर्क घेता कसा?"

"महिन्याची कुपी अमावास्येला एका घोटात! थेंब मोजत बसायला मी काय वाणी आहे?"

वैद्यबुवा छताकडे बघू लागले.

निंबाने सारख्या लांबीचे दोन दोरे घेतले. एक सगळाच्या सगळा कापडात एका जागी कोंबला. कापडाचं गाठोडं झालं. दुसरा बारीक टाक्यांनी घातला, कापड सपाट!

"दोरा तेवढाच, महाराज. एकदम ओतलेला अर्क अंगाला पेलत नाही, उरलेल्याचं अंगात बाईचंच द्रव्य होतं. मी मापं घेतो ना! अर्क पिऊन फुगतात ते ढेरपोटेच जास्त. तीच कुपी रोज थोडी थोडी घ्या. आणि पोट उतरायला तळ्यापर्यंत पायी चला."

"राजा आणि पायी?"

"मग नवा अंगरखा शिवतो. बाळंतिणीच्या मापाचा!"

राजा जोडे मागवता झाला.

दसऱ्याला अंगरख्याचे बंद एका ओढीत बांधले गेले. राजा गदगदून हसला. "जी बोटं छाटणार होतो, त्यांत आता अंगठ्या घालाव्या लागणार!" आणि पाचही बोटांत घातल्या.

निंबा घरी आला, तर शेजारची ठकू कासारीण दारातच उभी.

"बोटं वाचली हे बरं झालं, निंबाभाऊ. पण काय रे, औषध किती अन् कसं घेता एवढं विचारायला त्या अख्ख्या दरबारात एक शिंपीच लागला होय?"