रेशमात गुंडाळलेला हातोडा

एका राज्यात सारा कायदा एका साळुंकीला मुखोद्गत होता, आणि तिचा निवाडा राजालाही मान्य असे. कायदा असा : ऋणको कितीही बुडो, त्याची चूल, अंथरूण आणि पोटापाण्याचे हत्यार यांना धनकोने हात लावू नये. अपवाद तीन.

त्या राज्यात हैबती तांबटाने आजारपणात एका मांत्रिकाकडून वर्षभराचे आयुष्य उसने घेतले, आणि ते न फेडताच तो निवर्तला. मागे राहिली कन्या राही आणि त्याचा हातोडा. मांत्रिक ज्या हत्यारावर जप्ती आणी, त्याची कलाच राज्य विसरून जाई. कंगवे कसे घडवतात हे आता कुणालाच आठवत नव्हते. मात्र त्याचा हात एकदा जरी रिकामा परतला, तर हा विस्मरणाचा शाप उतरायचा होता.

दरबारात मांत्रिकाने हातोडा मागितला. साळुंकीने पहिला प्रश्न केला, हातोडा याच ऋणातून घेतला होता काय? हातोड्यानेच उत्तर दिले की तो हैबतीच्या आज्याच्या वेळचा. दुसरा, हैबतीने आपल्या तोंडाने तो गहाण दिला होता काय? मांत्रिकाला नाही म्हणावे लागले.

"तिसरा," साळुंकी म्हणाली. "वापराविना पडलेले हत्यार ही नुसती चीजवस्तू. राही, याने शेवटचे भांडे कधी घडवले?"

राहीने रेशमात गुंडाळलेला हातोडा उराशी धरला. हातोड्यात बापाचे ठोके साठून होते. कानाशी धरला की ऐकू येत : दोन जलद, तिसरा किंचित रेंगाळलेला, त्यांच्यामागून भट्टीचा फुत्कार, आणि "पोरी, पाणी दे गं" अशी हाक. दुसऱ्या हाताचा ठोका पडता तर ते सारे पुसले जाणार होते.

"तीन वर्षांपूर्वी," ती म्हणाली.

मांत्रिक हसला. "मुली, तू तो इतका जपलास, म्हणूनच तो माझा झाला."

"निवाडा होईपर्यंत हातोडा कोणाचा?" राहीने साळुंकीला विचारले.

"तुझा."

राहीने रेशीम सोडले. पुराव्यादाखल आणलेला बापाचा अर्धवट हंडा पुढे ओढला. हातोडा एकदा, अखेरचा, कानाशी धरला. मग ठोका घातला. हाक विझली. हंडा पुरा होईतो ती थांबली नाही.

"हत्यार," साळुंकीने निवाडा दिला.

मांत्रिकाचा हात रिकामा परतला, आणि त्याच क्षणी बाजारातला एक म्हातारा लाकूड उचलून कंगव्याचे दाते कोरू लागला. ऋण मात्र उरले. अशा बाबतीत साळुंकी काटेकोर होती. ते फिटेपर्यंत दरसाल एक हंडा ठरला.

तांबट आळीतून जाणारी जुनी माणसे अजून क्षणभर थबकतात. ठोके दोन जलद पडतात, तिसरा किंचित रेंगाळतो. राहीला ते ठाऊक नाही. ती कामात असते.