थंड भट्टीचा दोर

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. ज्यांनी पाहिलं त्यांची नातवंडंही आता उरली नाहीत. पाथरझरे गावात सुभाना नावाचा विहिरी खणणारा होता. जमिनीला कान लावला की त्याला पाण्याचा आवाज यायचा, असं म्हणतात. येतही असेल. पण दारूच्या गुत्त्याची हाक त्याला त्याहून मोठ्यानं ऐकू यायची.

विहीर खणताना एक गडी दोराला धरून खाली उतरतो, दुसरा वर दोर धरतो. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. सुभाना वर असायचा आणि त्याचा मावसभाऊ गेनू खाली. एके दुपारी सुभाना पिऊन दोराला उभा राहिला. दोर सुटला. गेनू वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला.

गेनूची बायको कोंडाबाई दारात येऊन एवढंच म्हणाली, "भावजी, आमच्या दोराला पुन्हा हात लावायचा नाही."

गेनूचा दोर पुन्हा हातात आला पाहिजे, एवढं एकच सुभानानं मनात धरलं.

देवापुढे शपथ घेतली, ती आठ दिवस टिकली. मांत्रिकाचा गंडा बांधला, तो चार दिवस. मग त्याच्या कानावर आलं की डोंगरापलीकडे दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुत्त्यावर विचारलं तर हशा पिकला.

"अरं, प्यायला बैठक असती. सोडायला कशाला बसायचं?"

तो हसला नाही. उठला आणि चालू लागला. तीन गावं पालथी घातली. चौथ्या गावाच्या शिवारात एका धनगरणीनं काठीनं दाखवलं. "ती बघ, थंड भट्टी. धूर निघत न्हाई ती."

दारू गाळायची भट्टीच होती ती, पण चुलाणात गवत उगवलं होतं. भोवती सात माणसं घायपाताचा वाख, म्हणजे पानांचे धागे, वळून दोर करत बसली होती. मधोमध चिमाआई. भट्टी तिचीच. तिनंच दारू गाळली, तीच प्याली आणि एक दिवस तिनंच भट्टी विझवली.

"आत येऊ का?" सुभानानं विचारलं.

"पाय हायेत न्हवं? ये."

"माझ्या हातनं लई वाईट झालंय, आई."

"हितं काय देवमाणसं बसल्यात व्हय? आधी बस. आज प्यालास?"

"आज नाही."

"मग झालं. उद्याचं उद्या."

बैठकीची रीत साधी होती. दर गुरुवारी यायचं, आपलं खरं ते सांगायचं आणि सांगता सांगता हातभर दोर वळायचा. ज्याचा दोर त्यानं कमरेला गुंडाळून न्यायचा. सुभाना पाच कोस चालत जाई, पाच कोस चालत येई.

असे तीन महिने गेले. मग एका लग्नाच्या हळदीत तो प्याला. पुढच्या गुरुवारी कोयता घेऊनच आला आणि दोर तोडायला बसला.

चिमाआईनं कोयता हिसकावला. "तोडतोस कुठं? वळलेला दोर काय खोटा हुता? पडलास तिथं गाठ मार. फुडं वळ."

त्यानं गाठ मारली. पुढे आणखी दोन मारल्या. तिसरीनंतर मात्र दोर सरळ वाढत गेला.

त्या साली पाऊस पडला नाही. गावची विहीर आटली. खडक फोडायला दुसरा जाणता नव्हता, म्हणून अधू पायाचा गेनूच खाली उतरला. बारा पुरुष खोल, म्हणजे बारा माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. वरून एक दगड सुटला आणि दोर तुटला. कडा ढासळू लागला. माणूस पेलेल असा दुसरा दोर गावात नव्हता.

सुभाना धावत आला. त्यानं कमरेचा दोर सोडला, पण तो निम्म्यालाही पुरेना. असं म्हणतात, त्याच वेळी पाच कोसांवर बैठकीतल्या प्रत्येकाच्या कमरेचा दोर आपोआप ताठ झाला आणि पाथरझऱ्याकडे ओढू लागला. घटकाभरात चिमाआई माणसं घेऊन काठावर हजर. दोराला दोर जोडले. सुभानाचा दोर खालच्या टोकाला बांधला. सुभानानं कोंडाबाईकडे पाहिलं. तिनंही त्याला नीट पाहून घेतलं, मग बाजूला सरून वाट दिली.

खालून आवाज आला, "वर कोण हाय?"

"मी. सुभाना."

माती पडतच होती.

"आज?"

"आज नाही."

गेनूनं दोर धरला. "ह्या गाठी कशाच्या रं?"

"मी पडलो त्याच्या. पाय ठेव."

अधू पायाला त्या गाठींचाच आधार झाला. वर आठ जणांनी दोर ओढला, पहिला हात सुभानाचा. असं म्हणतात, गेनू एकेक गाठ चढला तसं त्याच्या टाचेमागून पाणी चढलं. तो काठावर आला तेव्हा ओंजळीनं घेता येईल इतकं वर आलं होतं.

कोंडाबाईनं पहिली ओंजळ सुभानाला दिली.

तेव्हापासून त्या विहिरीला गाठीची विहीर म्हणतात. दर गुरुवारी तिच्या काठावर बैठक बसते. नवा माणूस आला की नाव-गाव न विचारता त्याच्या हातात वाख देतात. आणि त्या भागात कुणी विहिरीत उतरायला निघाला की अजूनही आधी वर दोर धरणाऱ्याकडे बघतो.

"आज?" म्हणतो.

उत्तर आल्याशिवाय पाय खाली टाकत नाही.