थिजलेलं तेल, जळालेली गोधडी

ऐका गं बायांनो, ऐका रे लेकरांनो. फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, गावात एक सासू होती. तिचा मुलगा दूरदेशी गेला होता. तो सुखरूप परतावा म्हणून तिनं देवापुढं अखंड दिव्याचा नेम धरला होता. घरात दुसरं माणूस म्हणजे समुद्रकाठची पोरकी सून. आईनं मरणाआधी शिवलेली एक गोधडी, एवढंच तिचं माहेर.

मार्गशीर्षात घरातलं तिळाचं तेल सरलं. सुनेनं समुद्रकाठच्या आपल्या मामानं धाडलेलं खोबरेल तांब्यात काढून दिलं. रात्री कडाक्याची थंडी पडली. पहाटे सासू दिव्यात तेल घालायला गेली, तर तांब्यात पांढरा घट्ट गोळा! डोंगरातल्या बाईनं असं तेल जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वात चरचरली आणि दिवा विझला.

"चरबी!" सासू किंचाळली. "देवाच्या तेलात चरबी, अवदसे? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस?"

"नाही हो, सासूबाई. थिजलंय नुसतं. उन्हात ठेवा, होईल होतं तसं."

"आता तू मला तेल शिकवणार?"

तिनं तांब्या उंबऱ्यापाशी भिरकावला. तेवढ्यानं राग निवेना, म्हणून सुनेच्या अंगावरची गोधडी ओढली आणि पेटत्या चुलीत कोंबली.

सून रडली नाही. जाळाकडं बघत राहिली.

ऊन वर आलं. तांब्यातला गोळा कडेनं सुटला, विरघळला. तेच तेल, तोच खोबऱ्याचा वास. सासू चुलीकडं धावली. हाती राख आली.

"चुकले गं पोरी."

सून हळूच म्हणाली, "तेलाला ऊन मिळालं, ते परत तेल झालं. या राखेला कुठलं ऊन दाखवू?"

तिनं दिवा लावला, देवाला हात जोडले आणि मामाच्या गावाची वाट धरली. सासूनं अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

पुढं सासू आपली लुगडी फाडून नवी गोधडी शिवत बसली. सुई बोटात रुतायची, टाके ओले व्हायचे. पुरी झाली की सुनेच्या दारी घेऊन जायची, असा तिनं नवा नेम धरला होता. ऊब तीही देईल. पण त्या आईचा हात तिला लागलेला नसेल. देव तिच्या सुईला बळ देवो.

थिजलेलं उन्हानं विरघळतं, जळालेलं कशानंही परतत नाही. म्हणून रागाचा हात चुलीकडं जाण्याआधी ऊन वर येईतो थांबावं.