एकाच फळ्यावर दोन दिशा

एकदा एका उघड्या माळावर एका मुलीला दुसरा क्रमांक मिळाला आणि तिच्या वस्तादांनी तो सर्वांसमक्ष पुसून टाकला.

त्या माळावर मोटरसायकलींचा ट्रॅक होता. टायरच्या एका व्यापाऱ्याने तो हौसेने बांधला होता आणि महिन्यातून एका रविवारी सर्वांसाठी खुला ठेवला होता. सकाळच्या गटाने सुलट फिरायचे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि जेवणानंतरच्या गटाने उलट, अशी तिथली रीत होती. सतत एकाच दिशेने गाड्या फिरल्या की डांबराची एकच बाजू गुळगुळीत होते, म्हणून ही रीत व्यापाऱ्यानेच घातली होती.

ट्रॅक तोच असला तरी दोन्ही दिशांचा स्वभाव वेगळा होता. सुलट जाताना मोठा उतार लागे. गाडी त्यावरून वाऱ्यासारखी खाली येई आणि पायथ्याला केसांच्या पिनेसारखे वळण भेटे. उलट जाणाऱ्याला आधी ते वळण. तिथे गाडी जवळजवळ थांबवायची आणि मग तोच उतार चढ म्हणून पहिल्या गिअरपासून ओढत न्यायचा. उलट फेरीला चार सेकंद जास्त लागतात, हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक होते.

त्या रविवारी व्यापारी आपल्या संघासाठी दोन स्वार निवडणार होता. सर्वांत जलद फेरी मारणारा शर्यतीत उतरणार आणि दुसरा राखीव राहणार. निवडीसाठी आलेल्यांत हेमांगी नावाची एक मुलगी होती. तीन वर्षे तिने वस्तादांच्या गॅरेजात आधी चेन घासल्या, मग इंजिने उघडली आणि सर्वांत शेवटी हँडल धरले. वस्ताद म्हणजे एके काळचे नावाजलेले स्वार. आता मनगट वळत नसे, पण नजर वळणाच्या पलीकडचे पाहत असे. हेमांगीच्या वडिलांनी तिला या हंगामापर्यंतच मुदत दिली होती. संघात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि हा नाद सोडायचा.

यादीत तिचे नाव दुपारच्या गटात आले. ती उलट फिरली आणि जीव लावून फिरली. तिची उत्तम फेरी एक मिनिट त्रेचाळीस सेकंद आणि नऊ दशांशांची भरली. सकाळच्या गटातल्या सर्वांत वेगवान तरुणाची होती एक मिनिट बेचाळीस सेकंद आणि तीन दशांश. व्यापाऱ्याने फळ्यावर सर्वांची नावे एकाखाली एक लिहिली. तो तरुण पहिला, हेमांगी दुसरी.

ती व्यापाऱ्याकडे गेली आणि दिशेचा फरक त्याने ध्यानात घ्यावा असे म्हणाली. व्यापारी काही दुष्ट नव्हता. त्याला फक्त सोपे हवे होते. रस्ता एकच, लांबी एकच, घड्याळही एकच, मग तक्रार कसली, असे त्याने हसत विचारले. घाटातून येणारा आणि जाणारा यांना मैलाचे दगड वेगवेगळे लावतात का, असा टोलाही मारला. भोवतालची मंडळी हसली. हेमांगीने निदान तीन सेकंद तरी वजा करा म्हणून पाहिले. व्यापारी म्हणाला की बघू, फार तर एखादा सेकंद.

एवढ्यात वस्ताद उठले. संथपणे फळ्यापाशी गेले, खांद्यावरचे फडके काढले आणि हेमांगीचे नाव आकड्यासकट पुसून टाकले.

हेमांगी संतापली. ती त्यांना बाजूला घेऊन गेली.

"वस्ताद, तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या? हातात आलेली राखीव जागा घालवलीत."

वस्तादांनी फडक्यावरचा खडू झटकला. "काय गं, एका सेकंदावर तू तिथं भाजी घेतल्यासारखी घासाघीस करत होतीस. त्यानं दीड दिला असता आणि तू उपकार मानून घरी आली असतीस. तुझा आकडा खरा आहे. त्या पोराचाही खरा आहे. खोटं आहे ते दोन्ही एकाखाली एक मांडणं. आणि जोवर तुझं नाव तिथं दुसरं म्हणून बसलंय, तोवर त्या खोट्याखाली तुझी सही आहे. उद्या लोक म्हणतील, बघा, तिलासुद्धा मान्य होतं."

"आणि मग मला काय मिळालं?"

"अजून काही नाही. मी फक्त तुझी सही पुसली. पुढचं तू बघ."

व्यापारी मागोमाग आला. त्याला खरोखर वाईट वाटले होते. त्याने हेमांगीच्या हातात खडू दिला आणि समजुतीच्या सुरात सांगितले की म्हाताऱ्यांचे मनावर घेऊ नये, नाव पुन्हा लिहावे, राखीव जागा तिचीच आहे. असल्या मानापानावरून वर्ष वाया घालवू नये.

शहाणी माणसे इथे मान डोलावतील. आधी आत शिरावे, मग हळूहळू सुधारावे, हेच ती सगळ्यांना सांगत आली आहेत. हेमांगीच्याही मनात ते आलेच. वडिलांचा चेहरा आला, गाडीला गिऱ्हाईक पाहणारा काका आला. पण राखीव स्वार म्हणजे काय, हेही तिला माहीत होते. कुणाचे तरी हाड मोडेल याची वाट पाहत वर्षभर कठड्यापाशी उभे राहायचे, आणि तेही आपण हळू आहोत असे स्वतःच लिहून देऊन.

ती फळ्यापाशी गेली. तिने आपले नाव लिहिले नाही. फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली. एका बाजूला डोक्यावर लिहिले सुलट, दुसऱ्या बाजूला उलट. सकाळच्या गटाला हातही लावला नाही. दुपारच्या गटातली नावे पुसून एकेक करून रेघेपलीकडे उतरवली आणि मग सगळ्यांच्या वर स्वतःचे नाव आणि आकडा घातला.

"हे काय?" व्यापारी म्हणाला. "मग पहिला कोण?"

"दोघं आहेत, शेठ."

"फळ्यावर दोन पहिले चालत नाहीत."

"ट्रॅकवर चालतात. दर महिन्याला तुम्हीच तर दोन्हीकडून चालवता."

या वेळी कोणी हसले नाही. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. राखीव जागा त्याने सकाळच्या गटातल्या दुसऱ्या स्वाराला देऊन टाकली. तो त्याचा अधिकारच होता. रेघ मात्र त्याने पुसली नाही. पुसायला हात उचलला होता, पण दुपारच्या गटातले बाकीचे सातही जण फळ्यासमोर येऊन आपापली नावे वाचत उभे होते.

टेम्पोत गाडी चढवून दोर आवळताना वस्तादांनी विचारले, "मला एवढं सुचलं नव्हतं, पोरी. मी नुसतं पुसलं. पण घरी काय सांगशील?"

हेमांगीने मागे वळून पाहिले. जिंकलेला तरुण अजून फळ्यापाशीच होता आणि उलट या शब्दाखाली आपले नाव कुठेच नाही, हे बराच वेळ पाहत होता.

"खरं तेच सांगणार," ती म्हणाली. "मी पहिली आले आणि मला जागा दिली नाही."

वस्तादांनी शेवटची गाठ मारली आणि ओढून पाहिली. ती पक्की बसली होती.

वाचकहो, तुम्हाला कोणी दुसरा क्रमांक देऊ केला, तर आभार मानण्याआधी फळा कोणी आखला ते विचारा.